विरजणाची वाटी

कुंडल,
गुरुवार

प्रिय माया,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण कुंडलचं नाव काढलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू फोन ठेवतेस. आज मला पुरतं बोलायचंय. आधी पोटातली मळमळ काढते, मग कामाचं सांगते.

तुझी 'घाटाखालचं घर' मालिका कुणीतरी इंटरनेटवर टाकली आहे. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली, चित्राला मुंग्या आलेल्या. तिच्याखाली लोकांनी जे गहिवर काढलेत ते वाचून मला शिसारी आली. काय ते सोनेरी दिवस, अशा मालिका आता होत नाहीत, आमच्या मातीतली गुणी मुलगी. गुणी म्हणे! दोन महिनेही चालली नाही ती, आणि गावाने बघितली ती तुला नावं ठेवायला. सगळ्यात मोठा गहिवर जयराजचा आहे. आठवतो ना, एसटी स्टँडवर उभा राहून 'हिरॉइन, आमच्या घरातबी शूटिंग कर की' म्हणणारा? करून करून भागला आणि देवपूजेला लागला. आता त्याला निवडणूक लढवायची आहे, म्हणून त्याने पुढच्या रविवारी तुझा सत्कार ठेवलाय. फ्लेक्सवर तुझ्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा. तुझा सिद्धू त्याच्या गाडीत पुढे बसून गावभर निमंत्रणं वाटतोय. तुझ्या आबांनी त्या मालिकेपायी तुला उंबरा बंद केला तेव्हा आतून कडी घालणारा हाच तो तुझा धाकटा भाऊ. आबा गेले, पण ती कडी काढायला गेल्या सहा वर्षांत त्याला सवड झाली नव्हती. फ्लेक्स लावायला मात्र झाली.

गहिवर मलाही येतो, पण मला तो शोभतो, मी त्या मालिका जीव लावून बघितल्यात. आमचा भाऊ पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा, खालून आम्ही 'आलं, आलं, गेलं' ओरडायचो, आणि तो कंटाळून वरच बिडी पेटवायचा. तुझ्या मालिकेच्या आधी ती वाईच्या पोस्टमास्तरची लागायची, चोऱ्या शोधणारा तो. चार आठवड्यांत गुंडाळली. घाटावर सापडलेली चप्पल कुणाची होती हे मला अजून कळलेलं नाही, आणि कधी भाजी निवडताना मी त्याचाच विचार करत बसते. आता मालिका बघवत नाहीत. बाई नथ घालून झोपते, नथ घालून दवाखान्यात बेशुद्ध पडते, मेली तरी पुढच्या सोमवारी नथ घालून परत येते. जे चांगलं होतं ते पटकन संपलं, आणि हे संपता संपत नाही.

तुझ्या मालिकेतलं मला तेव्हाही एक खुपलं होतं. मालिका आपल्या मुलखातली, पण तुझी बोली गावठी म्हणून त्यांनी तुझ्या तोंडावर कुणा शहरातल्या बाईचा गोड आवाज चिकटवला. एकच वाक्य त्यांच्या तावडीतून सुटलं. पाटणला शूटिंग झालं त्या घरात तू चुलीपुढच्या म्हातारीजवळ जाऊन टेकतेस. कागदावर 'आई, जेवलीस का गं' असं होतं, असं तूच मला सांगितलंस. तू म्हणालीस, 'आये, जेवलीस का?' आणि ते तसंच राहिलं. मग महिनाभर गावातली पोरं तेच ओरडत तुझ्या सायकलमागे पळायची.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. तेव्हा दर गुरुवारी तुझी आये, आमची काकी, आबांच्या चोरून तुमच्या मागच्या दारातून आमच्याकडे विरजण मागायला यायची. घरात दोन म्हशी, आणि हिला विरजण हवं! पदराखाली वाटी धरून ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची आणि तुझी मालिका बघायची. संपली की डोळे पुसून विरजण न घेताच जायची. माझ्या आईने तिला एकदाही विचारलं नाही.

काकीचं आता सगळं विसरत चाललंय. सिद्धूलाही ती कधी पाव्हणा समजते. पण दर गुरुवारी वाटी घेऊन अजून येते. मी तिला मोबाईलवर तुझी मालिका लावून देते. त्या गोड आवाजात तू बोलायला लागलीस की विचारते, ही कोण बाई? मग ते वाक्य येतं. तिचा चेहरा फुलतो आणि ती मोबाईलला सांगते, 'व्हय, जेवले. तू जेव.' हे जयराजच्या कानावर गेलंय. रविवारी दोघींना स्टेजवर समोरासमोर उभं करून तो ते शूट करणार आहे. ड्रोनसुद्धा सांगितलाय त्याने. त्या माणसाला लाज नावाची चीज कधी शिवलीच नाही.

आज काकी आली तेव्हा ते वाक्य लागलं आणि तिने उत्तर दिलं नाही. मोबाईल उलटा करून मागे बघितलं. मग मला म्हणाली, 'राहे, ही नुसतं इचारती. बसत न्हाई.'

ती गेल्यावर मी लगेच पत्र लिहायला बसले. रविवारी येऊ नकोस, त्या सत्काराला लाथ मार. तू येत्या गुरुवारी ये. किर्लोस्करवाडीला उतर, स्टेशनवर मी स्कूटर घेऊन थांबते. तुला तुमचा उंबरा ओलांडायचा नाही, तर नको ओलांडूस. माझ्या स्वयंपाकघरात ये. काकी वाटी घेऊन येईल. तुझ्या तोंडून काय ऐकायचं ते तिला ठाऊक आहे, दुसरं काही बोलायला जाऊ नकोस, रडू तर मुळीच नकोस. तेवढंच विचार, आणि तिच्याजवळ बस.

तुझीच,
राही