शनिवारांची यादी

२ फेब्रुवारी, रविवार. चँडलर
काल बाबा नागपूरहून इथे अमेरिकेत आमच्याकडे आले. आयुष्यभर एसटी डेपोत गाड्या वेळेवर सोडल्या, त्यामुळे बॅग ठेवायच्या आधीच विचारलं, ग्रँड कॅनियनला कधी निघायचं? परतीचं विमान १० एप्रिलला. १४ एप्रिलच्या जयंतीला त्यांना नागपुरातच असायचंय. म्हणजे भरपूर वेळ आहे.
मी डेटा अ‍ॅनालिस्ट. कॅलेंडरवर पेनाने गोल करणार नाही. पायथॉन प्रोग्रॅममध्ये सुरुवात आणि शेवट सांगितला की मधल्या सगळ्या शनिवारांच्या तारखा एका ओळीत निघतात. पाच मिनिटांचं काम.

८ फेब्रुवारी, शनिवार
गेलो नाही. प्रोग्रॅममध्ये तारखांची फ्रीक्वेन्सी चुकून 'बिझनेस डे', म्हणजे कामाचे दिवस, दिली होती. यादीत सोमवार ते शुक्रवारच! चूक सापडेपर्यंत दुपार झाली. बाबा पहाटे पाचपासून कॅनियनसाठी घेतलेली नवी टोपी घालून, थर्मास घेऊन सोफ्यावर. उपासना म्हणाली, आज शनिवार आहे हे कळायला बायको पुरे होती. तिला ऑटोमेशन कळत नाही.

१ मार्च, शनिवार
गेलो नाही. पण प्लॅन मागे पडलेला दिसतो, ते वाईट. म्हणून प्रोग्रॅममध्ये सुरुवातीच्या पक्क्या तारखेच्या जागी 'आज' लिहिलं. आता कधीही चालवा, यादी आजपासूनच. आपण कधीच लेट नाही! बाबांना दाखवलं. म्हणाले, हे तेव्हा डेपोत असतं तर माझीही एक गाडी लेट झाली नसती. खूश दिसले.

२२ मार्च, शनिवार
यादीला रंग दिले. मैत्री म्हणाली, डॅड, जस्ट ड्राइव्ह. नववीतल्या मुलीला काय कळणार. बाबांनी आज टोपी घातली नाही. बरं झालं, प्रेशर नको.

५ एप्रिल, शनिवार. स. ११.३०
यादीत एकच तारीख उरली: आजची. कारचं ऑइल बदलून आत्ता आलो. जायला चार तास, आता कसलं निघतोय. उपासना म्हणाली, उद्या जाऊ. पण यादी शनिवारांची आहे. रविवार त्यात बसत नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

१२ एप्रिल, शनिवार
परवा बाबा नागपूरला परत गेले. टोपी विसरले म्हणून एअरपोर्टवर मागे धावलो. म्हणाले, राहू दे, नवीच आहे. फार वाईट वाटलं.
आज पाचलाच जाग आली. सवयीने प्रोग्रॅम चालवला. सुरुवात आज, शेवट १० एप्रिल. वाटलं, लाल अक्षरांत एरर येईल. आली नाही. नुसती रिकामी यादी. प्रोग्रॅमच्या मते काहीही चुकलेलं नाही.