फीत कापेपर्यंत कुणी आत जायचं नाही

१४ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायला नाही, कामाला शिस्त यावी म्हणून.

कारण रुख्माबाई, माझी मोठी बहीण. आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. उन्हाळ्यात लकवा झाला, तेव्हापासून व्हीलचेअरवर, माझ्याच घरी. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. जन्मभर भाजी लावली, सिंदीच्या बाजारात बसून विकली, आणि आता दिवसभर भिंतीकडे तोंड. सावंगीहून फिजिओथेरपीवाली प्रेरणा मॅडम येते. तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. बाईनं तो डाव्या हातानं मला फेकून मारला. नेम चांगला आहे. मॅडम म्हणाली, हाताला आवडीचं काम द्या, मूठ सुटेल. पण लवकर. एकदा आखडली की कठीण.

आवडीचं काम म्हणजे भाजी. दुकानाशेजारचा प्लॉट माझाच. तिथं आरोग्य परसबाग करायची, आणि एकट्या बाईसाठी नाही, अख्ख्या गावासाठी. व्हीलचेअरवाले, गुडघेवाले, बीपीवाले, सगळे. रॅम्प, रेलिंग, उंच वाफे. सायकलवर नळाच्या तोट्या विकणारा माणूस हार्डवेअर-सॅनिटरीचं दुकान टाकू शकतो, तर वाफे काय चीज आहेत?

२० ऑक्टोबर
बांधकाम सुरू. वाफ्याची उंची माझ्या कमरेवरून धरली. दुकानातला मुकेश म्हणे, "भाऊ, बाईले खुर्चीसकट आनून माप घ्या ना." म्हटलं, माझी नजर हीच टेप. कान खाजवत दुकानात गेला. पटलं असावं.

२९ ऑक्टोबर
रॅम्पला स्टॉकमधल्या चकचकीत टाइल्स. शोभा आली. शेजारच्या अनुसयाबाईंना मुद्दाम दाखवल्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. म्हणाल्या, "भाऊ, याच्यावर पाय ठेवू का तोंड पाहू?" कौतुक करायची पद्धत असते एकेकाची.

५ नोव्हेंबर
बाईला ट्रायलला नेलं. रॅम्पवर मी घसरलो. बूट नवीन आहेत. वर पोचलो तर वाफ्याची कड थेट तिच्या हनुवटीला. बाई म्हणाली, "लक्ष्मण, हे वाफे होय का पान्याची टाकी?" उंची बरोबरच आहे. खुर्ची बुटकी आहे. उंच खुर्चीची चौकशी करायची.

मुकेशकडून मेथी, पालक, सांबार (पुण्यामुंबईकडे कोथिंबीर म्हणतात) पेरून घेतलं. बाई म्हणाली, "एका कोपऱ्यात तरी हात घालू दे रे. मुठीले माती लागली त बरं वाटन." समजावलं की उद्घाटनाआधी हात लावणं शोभत नाही. आमदारसाहेब येतील, लाल फीत कापतील, मग पहिला हात तुझाच. आठ दिवसांचा तर प्रश्न. तोवर कुणीही आत जायचं नाही. गेटला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

घरी आल्यावर बाईनं खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवून घेतली. थकली असेल.

१३ नोव्हेंबर
साहेबांच्या पीएचा फोन. आचारसंहिता लागली. डिसेंबरात बघू, म्हणे. चांगलंच झालं. मेथी वाढेल, फोटो भरगच्च येईल.

बोर्ड आला. माझं नाव बागेच्या नावापेक्षा जरा मोठं झालंय. पेंटरची चूक. बदलून मागितला नाही, बिचाऱ्याचं मन दुखेल.

बाई जेवली नाही. मूठ तशीच. आज चेंडूही फेकला नाही. फेकला असता तर बरं वाटलं असतं.

१९ नोव्हेंबर
गोडाऊनमागची टवके गेलेली वॉश बेसिनं कमी दिसतात. स्टँडही. मुकेशला विचारलं. म्हणे, "बाईनं मांगितले." कशाला? "ते बाईलेच इचारा." विचारलं नाही. आजारी माणसाला कसले कसले छंद लागतात, पुरवावेत. पण एक डॅमेज कमोडही गेलंय. तेवढं मात्र डोक्यात बसत नाही.

२७ नोव्हेंबर
माझे कान तिखट. गिऱ्हाईक दुकानाबाहेर जाऊन बायकोशी काय कुजबुजतं ते मला गल्ल्यावर ऐकू येतं. धंदा त्यावरच उभा राहिला. आज जेवायला घरी आलो तर मागच्या अंगणातून बायकांचा हशा. बाई, अनुसयाबाई, आणखी दोघीतिघी. मध्येच पाणी ओतल्याचा आवाज. मग बाईचा दरडावणारा सूर: "दाट नोको पेरू वो, उताविळे!"

लगेच ओळखलं. उद्घाटनाला नाटुकलं बसवून राहिल्या आहेत. शेतकरी जीवनावर. त्यांची गंमत बिघडू नये म्हणून तिकडे गेलोच नाही. उद्यापासून जेवायला येताना अंगणाच्या दारापाशी खाकरायचं.

५ डिसेंबर
बाईच्या उजव्या हाताच्या नखांत माती. बायकोला म्हटलं, छाया, आजारी माणसाची स्वच्छता राखली पाहिजे. "राखतो ना," म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. सर्दी असावी.

प्रेरणा मॅडम खूश. मूठ सैल पडतेय, म्हणाली. फितीचं नुसतं नाव काढल्यावर एवढा फरक, कापल्यावर काय होईल! साहेबांना हे भाषणात घ्यायला सांगायचं.

११ डिसेंबर
साहेबांकडे लग्न. पीए "बघून सांगतो" म्हणाला. मुकेश म्हणे, प्लॉटवरची मेथी जून होऊन राह्यली, तोडू का? खबरदार, म्हटलं. फीत आधी.

आज जेवणात मेथीची भाजी. काय कोवळी! दोनदा घेतली. छायाला म्हटलं, बाजारची इतकी चांगली, तर आपल्या बागेतली कशी लागेल, विचार कर. बाईला ठसका लागला. पाणी दिलं. पेला तिनं उजव्या हातानं धरला. मी भाजी वाढून घेत होतो, म्हणून नीट पाहिलं नाही.

२२ डिसेंबर, सकाळी
आज उद्घाटन. पक्कं. मंडप आला, खुर्च्या आल्या, हार आला. गेटला फीत स्वतः बांधली. किल्ली खिशात आहे, तीनदा पाहिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
क्रमानं लिहितो.

उरलेल्या टाइल्सची थप्पी मी कुंपणाला लावून ठेवली होती. त्यावर चढून अनुसयाबाईंच्या बकऱ्या आत. वाफे त्यांच्या तोंडाला बरोबर उंचीचे. म्हणजे माप अगदीच चुकलं नव्हतं. मेथी, पालक, सांबार, सगळं साफ. अर्धी फीतही. बोर्ड तेवढा शाबूत. तेवढ्यात पीएचा फोन, साहेब नागपूरला गेले. एका अर्थी बरंच झालं.

पण बाईला कसं सांगायचं? एवढे दिवस जिला थांबवलं तिला? घरी गेलो. खाकरायचं विसरून मागचं दार उघडलं.

अंगणात माझी बेसिनं. स्टँडवर, ओळीनं, मातीनं भरलेली. खालून व्हीलचेअर आरामात आत जाते. पाणी निघायला भोकं आधीचीच. सगळ्यांत हिरवीगार मेथी. अनुसयाबाई झाकण पाडलेल्या कमोडवर ऐसपैस बसलेल्या. आणि बाई मेथी उपटत होती. उजव्या हातानं. मूठ उघडत होती, मिटत होती, उघडत होती.

मी दाराची कडी धरून उभा.

"उभा काऊन? कोनी मेलं का?" बाई म्हणाली. म्हटलं, बकऱ्यांनी बाग खाल्ली. "मंग? कोनाच्या त पोटात गेली." अनुसयाबाई म्हणाल्या, "माह्या बकऱ्यायनं कापली वो फीत!" आणि सगळ्या जणी हसल्या. मीही हसलो, थोडा उशिरा. "बस आता, निवडू लाग," बाई म्हणाली.

मला खाली बसता येत नाही. थंडीमुळं. दुसरं कमोड गोडाऊनमधून कधी आलं ते कळलं नाही, पण उंचीला बरं आहे.

उद्या गेटचं कुलूप काढायचं. टाइल्स उखडायच्या. वाफे फोडून खाली घ्यायचे, माप बाईला बसवून. तसं पाहिलं तर बेसिनं माझी, कमोड माझं, मुकेश माझा. म्हणजे मुळात कल्पनाही माझीच. हे मी बाईला बोलून दाखवलं.

मी निवडलेली मेथी तिनं सुपासकट आपल्याकडे ओढली, आणि उजव्या हातानं पुन्हा निवडायला घेतली.