माझे दगड हंड्यात घालू नयेत

...आणि काका, पुन्हा तेच. परवा फोनवर तुम्ही तुंगाला म्हणालात, “सुम्मने गप्प बस ग, दगडाला कसला जीव? तो हुच्चा, खुळा, आखातात जाऊनपण शहाणा झाला नाही.” फोन चालूच होता, मी ऐकलं. दगडाला जीव असतो. त्यापायीच आज हा कागद करतोय. भांडण राहू दे, आता रीतीनं लिहितो.

मी संताजी गुरुराव पिसे, वय सव्वीस, राहणार देवराज मोहल्ला, म्हैसूर, हल्ली मुक्काम शारजा, दवाखान्याची खाट. माझं डोकं ठिकाणावर आहे, बिघडलंय ते छातीतलं. कुणी धमकावलेलं नाही, कुणी हात धरून लिहवलेलं नाही. शाळा सातवीपर्यंत, तीपण कन्नडात. मराठी लिहायला आईनं शिकवलं. तेव्हा ऱ्हस्वदीर्घावरून माझं मृत्युपत्र कुणी खोटं ठरवू नये. हे मी गेल्यावर उघडायचं नाही. कागद हाती आल्याबरोबर वाचायचं.

१. बाबांकडून माझ्या वाट्याला आलेली मागची खोली आई अनुसूयाबाईला, तिच्यामागे धाकटी बहीण तुंगा हिला. तुंगाचं लग्न झालं तरी खोली तिचीच. काका वेंकोजीराव यांनी तिथं भाडेकरू घालू नये.

२. बाबांचे कापडावर छापायचे शिसवी ठसे कुणाला तरी दिले असते. काकांनी ते रंगाच्या हंड्याखाली सरपण म्हणून जाळले. म्हणून हे कलम रिकामं.

३. बैठकीतली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी, मासे, दिवा, पंप, सगळं तुंगाला. आतले दगड समुद्रातले, भोकाभोकांचे. भोकांत डोळ्याला न दिसणारे जीव राहतात, ते पाण्यातली घाण खातात, म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात. म्हैसुरात मी जिथं कामाला होतो त्या शोभेच्या माशांच्या दुकानदारानं दुकान मोडताना थकल्या पगाराऐवजी दिले होते.

तुंगे, टाकी कधी हलवलीस तर आधी दगड, मग वाळू. दगड थेट काचेच्या तळावर टेकले पाहिजेत. वाळूवर रचलेस तर मासा खालून उकरतो आणि सगळं ढासळतं. आठवतं? मी पहिल्यांदा वाळूवर रचले तेव्हा तू टाळ्या वाजवून म्हणालीस, “अण्णा, चामुंडीचा डोंगर!” आणि सकाळी डोंगर काच फोडून बैठकीत. दगडांमधे फटी ठेव, मागच्या काचेला चिकटवू नको, पाणी फिरलं पाहिजे. जुनी वाळू तळापासून ढवळू नको. खाली काळी झालेली असते, कुजक्या अंड्याचा वास येतो, मासे जातात.

४. हे कलम काकांसमोर मोठ्यानं वाचावं.

आपल्या घरात माणूस गेला की बाराव्याच्या आत त्याच्या वस्तू रंगाच्या तांब्याच्या हंड्यात उकळतात. रंगाऱ्याचं घर, धंदा सुटला, हंडा सुटला नाही. बाबा गेले तेव्हा काकांनी धोतर, चादर, फणीसुद्धा उकळली. लोकरीची कानटोपी वाटीएवढी होऊन निघाली. आई ती हातात धरून म्हणाली, “आता ही कुणाच्या डोक्यात बसायची?” ती हसली का रडली, मला अजून कळलेलं नाही. आणि आता काका तुंगाला सांगून बसलेत, “तो गेला की पहिले ते दगड हंड्यात.”

काका, इथं मुकादमानं आम्हाला तेच करायला लावलं. एका हॉटेलच्या टाकीतले जुने दगड साफ करायचे म्हणून बंद खोलीत उकळायचे. त्यांच्यावर हिरव्या बटणांसारखे जीव होते, घरच्या दगडांवर तुंगाला दाखवलेत तसेच. त्यांच्यात विष असतं, उकळलं की वाफेबरोबर वर येतं. तोंडात तांब्याची चव आली. मला वाटलं, घरच्या हंड्याची आठवण झाली. माझ्या जोडीचा नेपाळी गडी त्याच संध्याकाळी गेला. मी राहिलो, पण चार पावलं चाललो की ओठ निळे पडतात. डॉक्टर मला सोडून आमच्या ड्रायव्हर वादिराजशी बोलतात, त्यावरून समजायचं ते समजलो.

माझ्या नावानं हंडा पेटला तर आई, तुंगा आणि तुम्ही, तिघं त्याच वाफेत उभे राहाल. तुमचा राग आहे मला, काका. एवढा नाही.

म्हणून दगड उकळू नयेत, फोडू नयेत, घासू नयेत, उन्हात वाळत घालू नयेत. नको झाले तर मार्केटमागं माशांचं दुकान चालवणाऱ्या व्यासराजला बोलवावं. तो हातमोजे घालून, टाकीच्याच पाण्यात बुडवून नेईल. रीत मोडवत नसेल तर कपाटातला माझा निळा शर्ट उकळा. त्याचा रंग तसाही जातो.

५. हंडा काकांच्या मालकीचा. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात घालता येत नाही, असं वादिराज म्हणतो. म्हणून मी तो विकत घेतोय. तुंगानं पैसे काकांच्या हातात मोजून द्यावेत आणि त्याच दिवशी हंडा मोडीत घालावा. “आजोबांचा आहे, देत नाही,” असं काका म्हणतील. तेव्हा आईनं ती टोपी त्यांच्यासमोर ठेवावी.

साक्षीदार: वादिराज, ड्रायव्हर, मूळ गाव सोसले. गंगाधरराव, शेजारच्या खाटेवरचे, दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

सही: संताजी गुरुराव पिसे
शारजा, १४ नोव्हेंबर २०१७

वादिराज सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती कागद आणि हंड्याचे पैसे देतोय: सत्तावीस हजार रुपये.