दादाच्या पट्ट्याचं माप

१२ ऑगस्ट, सोमवार

आराखड्यात चौतिसाव्या दिवसावर अडकलो! ह्वेपासून दा नांगपर्यंत आगगाडी की बस? आगगाडीतून समुद्र दिसतो म्हणतात. बसने वेळ वाचेल, पण बसमध्ये मला उलटी होते. आगगाडी लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.

एकूण चौऱ्याऐंशी दिवस. १९ नोव्हेंबरला विमान, १० फेब्रुवारीला परत. व्हिएतनामच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, पाठीवर पिशवी घेऊन, दादा आणि मी. सहा वर्षं नुसती बोलणीच चालली होती. दादा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. एकदा बंद पडलेल्या लिफ्टमधून त्याने एका म्हाताऱ्याला बाहेर काढलं. म्हातारा तो देश पायी फिरून आलेला. जाताना त्याने खिशातला घडीचा नकाशा दादाला देऊन टाकला. तेव्हापासून दादाचं एकच — "आयुष्यभर वर-खाली केलं, आता जरा लांब जाऊ." पण तिकिटं मात्र या जुलैत अचानक काढून आला! न विचारता, न सांगता.

आज त्याने माझी वही चाळली. म्हणाला, "कारकून, संडासला कधी जायचं तेवढं लिहायचं राहिलं." वहिनीला हसून हसून ठसका लागला.

मी आठवीत शाळा सोडली. परीक्षेच्या दिवशी घाबरून बाकावरून उठून पळायचो. दादाने मारलं नाही, शब्दकोश आणून दिला. "शाळा सुटली तर सुटली. चुकीचं लिहायचं नाही." म्हणून मी कारकून.

१४ ऑगस्ट, बुधवार

पिशव्या मीच शिवणार. सात वर्षं कारखान्यात अनोळखी पाठींसाठी शिवतोय, दोन घरच्या पाठींसाठी का नको? मास्तर म्हणाले, "मशीन सुट्टीत वापर, कापड उरलेल्यातलं घे." मास्तर म्हणजे आमचे कापणीवाले. बोलतात कमी.

दादाचं माप घेतलं. पाठ साडेएकोणीस इंच. कंबर, हाडावरून, सदतीस. कमरेचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा — ओझं खांद्यावरून कमरेवर त्यानेच घ्यायचं असतं.

वहिनी म्हणाली, "मापं काय घेतोयस, परत नवरदेव करतोयस की काय ह्यांना?"

दादा म्हणाला, "एकदा झालो तेवढं पुरे." मग माझी आणि, गमतीत, वहिनीचीही कंबर मोजून वहीत टाकली.

वहिनी येत नाही. पासपोर्ट तिघांचे काढले होते, तिचा कपाटात पडून आहे. बेकरीत पहाटेची पाळी करते, दुपारी दोनला परत येते. "तीन महिने घरात दोन्ही पुरुष नाहीत, माझी सहल इथेच!"

२० ऑगस्ट, मंगळवार

काळजीची यादी केली. रस्ता ओलांडणे (तिकडे दुचाक्या थांबत नाहीत म्हणे). बसमधली उलटी. पासपोर्ट हरवणे. दादा हरवणे. शेवटचं खोडलं. मी हरवणे — असं लिहिलं. ते जास्त खरं आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

दादाची पिशवी झाली. आणि चुकली!

पट्ट्याला दोन्ही बाजूंनी गाद्या असतात, पोटावर त्यांच्यात चार बोटं जागा राहायला हवी. दोनच राहिली. गाद्या एकमेकींना टेकल्या की बक्कल कितीही ओढा, पट्टा आवळत नाही. म्हणजे पट्टा लांब झाला. असं कसं झालं?

जेवणाच्या सुट्टीत उलगडा झाला. घरी माप वहिनीच्या टेपने घेतलं, कारखान्यात कापड जुन्या टेपने कापलं. कापडी टेप वापरून वापरून ताणते. आमच्याकडे नियमच आहे — ताणलेली टेप कात्रीने तोडून टाकायची. तोडली. तोडल्यावर लक्षात आलं की ती खरंच किती ताणली होती ते पाहायचं राहिलं. असो. टीप उसवली. नव्या टेपने दादाची कंबर पुन्हा घेतली. साडेपस्तीस. म्हणजे वहिनीची टेप आटलेली!

फसलेल्या मालाला आम्ही चिठ्ठी लावतो. तिच्यावर तीन रकाने — कापणी, टीप, माप. एकावर खूण, खाली सही. दादाच्या पिशवीला कुणी चिठ्ठी मागितली नव्हती. तरी लावली. 'माप'वर खूण केली, सही केली. चूक ती चूक.

१ सप्टेंबर, रविवार

नवा पट्टा बसला. चार बोटं. बरोबर.

१५ सप्टेंबर, रविवार

रविवारी आम्ही ओझं घेऊन चालतो. आज दहा किलो. पुलाच्या पायऱ्यांवर दादा मध्येच बसला. रंग पांढरा. मी घाबरलो तर म्हणाला, "लिफ्टवाल्याला जिना चढायला लावतोस? धंद्याचा अपमान आहे."

मी हसलो. पण त्याने पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरली होती.

२१ सप्टेंबर, शनिवार

पट्टा परत सैल. एक बोट जागा.

पिशवी कारखान्यात नेली. नवी टेप लोखंडी पट्टीशेजारी ठेवून तपासली — केसाचाही फरक नाही. चिठ्ठी घेतली. पेन हातात घेऊन उभा राहिलो. मास्तर आले.

"कापणी?"

"बरोबर आहे."

"टीप?"

"बरोबर."

"माप?"

"तपासलं मास्तर. टेप बरोबर आहे."

मास्तरांनी पिशवी उलटी केली, सुलटी केली. मग माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. "मग पिशवीला कशाला चिठ्ठी लावतोस?" एवढंच म्हणून गेले.

दुपारभर दुसऱ्यांचे पट्टे शिवले. तीन वेळा सुई मोडली.

२२ सप्टेंबर, रविवार

आधी स्वतःची कंबर मोजली. ऑगस्टइतकीच. वहिनीची मोजली — "आता माझीही पिशवी?" — तीही ऑगस्टइतकीच. वहिनीची टेप कधी आटलीच नव्हती. मग दादाची. हात वर करून उभा राहिला, छताकडे बघत. साडेतेहतीस.

सदतीस. साडेपस्तीस. साडेतेहतीस. एकाखाली एक लिहिले, तेव्हा कळलं. दोनदा चिठ्ठी घेतली मी! दोनदा मला वाटलं, माझंच चुकलं.

२३ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी टाकून दादाच्या कामावर गेलो. अकरा मजल्यांच्या इमारतीवर, गच्चीतल्या यंत्राच्या खोलीत होता तो. तारेच्या दोराला वंगण लावत होता.

"दादा, तुझी कंबर साडेतेहतीस झाली."

"मग? पिशवीला कापड कमी लागेल."

"दादा."

त्याने हात पुसले. बराच वेळ पुसले. "पोटात गाठ आहे. जुलैत कळलं."

"जुलैत? आणि तू तिकिटं काढलीस?"

"म्हणून तर काढली!"

खालून कुणीतरी लिफ्टची घंटा दाबत होतं. तो ओरडला, "थांबा, चालू आहे काम!" मग हळू आवाजात सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले लगेच काढू. त्याने सांगितलं, फेब्रुवारीत. "दहाला उतरतो, अकराला त्यांच्या दारात. लिहून घे, कारकून."

मी नाही म्हणालो. ओरडलो बहुतेक. तो अजिबात चिडला नाही.

"बाबा असेच आपल्या पायांनी चालत ऑपरेशनला आत गेले होते. बेचाळीसचे होते. मी बाहेर त्यांच्या चपला धरून बसलो. तू चार वर्षांचा. मी आता एकेचाळीसचा आहे. मला एकदा काहीतरी बघून येऊ दे रे. मग कापू देत काय कापायचं ते."

"वहिनी?"

"तिला कळलं तर ती मला दारातून हलू देणार नाही. तू सांगितलंस तर तुझा-माझा संबंध संपला. शपथ घे."

घेतली. का घेतली? त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं म्हणून.

२४ सप्टेंबर, मंगळवार

गाठीचं नाव कळलं. बरोबर लिहिता येतं. लिहिणार नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार

वहिनी दादाच्या दोन विजारी कमरेत आत घेऊन दे म्हणाली. खुशीत होती. "चालायला लागल्यापासून कसं पोट उतरलं बघ! लग्नात असेच दिसायचे."

विजारी मीच शिवल्या. टीप सरळ आली. कशी आली कोण जाणे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

दादाच्या डॉक्टरांकडे गेलो. नाव सांगून, खरं सांगून. म्हणाले, पेशंटचं मी तुम्हाला सांगणार नाही. मी म्हणालो, त्याचं नका सांगू. असली गाठ असेल तर चौऱ्याऐंशी दिवस थांबता येतं का, एवढंच सांगा.

"मी चौऱ्याऐंशी तास थांबणार नाही. त्यांना घेऊन या."

जिन्यात बसून राहिलो. शंभरपर्यंत मोजलं. परत मोजलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

नवा आराखडा केला, चाळीस दिवसांचा. म्हणालो, लवकर निघू, लवकर येऊ, मग लगेच ऑपरेशन. नको म्हणाला. आज वीस दिवसांचा दाखवला. पाच गावं, दोन आगगाड्या.

दादाने पाहिला. "हे काय! देश आटला की काय?"

"दादा, हे तरी ऐक."

"पहिला ठेव. पहिला चांगला आहे. त्यात सगळं आहे."

१४ ऑक्टोबर, सोमवार

म्हणालो, मी येत नाही. मला वाटलं, हा एकटा जाणार नाही.

"ठीक आहे. वही तेवढी दे. एकट्याने रस्ता चुकायला नको."

१६ ऑक्टोबर, बुधवार

त्याने अर्धं जेवण सोडलं. वहिनी म्हणाली, "दोघे भाऊ एका माळेचे मणी. विमान म्हटलं की पोट बिघडतं!" दादा माझ्याकडे बघून हसला. मी ताट उचललं आणि मोरीत उभा राहिलो.

शपथ मोडली तर भाऊ जाणार. पाळली तरी जाणार. सरळ हिशेब आहे. मग तेवीस दिवस मी काय करत होतो? आराखडे!

१९ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं.

वहिनी दोनला आली. केसांना पीठ तसंच होतं. पाणी प्यायली. मी म्हणालो, वहिनी बस जरा. सगळं सांगितलं — जुलै, गाठ, डॉक्टर. तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तेवीस सप्टेंबरला."

तिने बोटांवर मोजलं. माझ्यासमोर, हळूहळू, एकेक दिवस. सव्वीस. मग उठून आत गेली आणि कडी लावली.

२० ऑक्टोबर, रविवार

मला वाटलं होतं दादा बोलणं टाकेल. तो म्हणाला, "कारकून तो कारकूनच. नोंद केल्याशिवाय राहवलं नाही." खांद्यावर हात ठेवला. हाताला वजनच नव्हतं.

बोलणं टाकलं ते वहिनीने. ताट वाढते. पाणी ठेवते. माझ्याकडे बघत नाही. दादाशी बोलते — जेवलात का, उठा, डॉक्टरांकडे निघायचंय. माझ्याशी नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टर म्हणाले, आधी नवीन तपासणी, मग ऑपरेशन. चार नोव्हेंबर ठरवली. दादा सही करून आला. "बघू, बाबांपेक्षा मी बरा निघतो का."

आता तिकिटं रद्द करायची. उद्या फोन करतो.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन केला नाही. उद्या.

२८ ऑक्टोबर, सोमवार

फोन हातात घेतला. पलीकडची बाई 'कारण सांगा' म्हणाली. मी ठेवून दिला.

वहिनी अजून बोलत नाही. बरोबर आहे तिचं. तिने एकदा ओरडावं, शिवी द्यावी, काहीही. मी ऐकून घेईन.

३० ऑक्टोबर, बुधवार

नवीन तपासणी पाहून डॉक्टर म्हणाले, आता कापण्यात अर्थ नाही. गाठ पुढे गेली. केव्हा गेली ते सांगता येत नाही — दोनेक महिन्यांत. गोळ्या देतो, त्यांना हवं ते करू द्या. किती दिवस, मी विचारलं. त्यांनी आकडा दिला नाही.

बाहेर बाकावर तिघे बसलो. दादा मध्ये. अकरा दिवसांनी वहिनी माझ्याशी बोलली.

"तिकिटं रद्द केलीस?"

"नाही."

"करू नकोस. तिसरं काढ."