पुराची रेषा

मंगळवार, संध्याकाळ. अ‍ॅशबर्न, अमेरिका.

युरोपातले दोन शेजारी देश मिळून नदीकाठचा विकास आराखडा करतायत, त्याचे नकाशे आमच्या ऑफिसकडे आहेत. त्यात पुराची रेषा मी आखली. आज दुपारी लक्षात आलं, दोन्ही देश उंची वेगवेगळ्या समुद्रपातळीपासून मोजतात आणि मी आकडे तसेच जोडलेत. त्यामुळे एक काठ नकाशात हातभर उंच, पुराच्या रेषेबाहेर दिसतोय. नेमकी तिथेच नवी शाळा ठरलीय. शाळाच का? गोदाम असतं तर मी गप्प बसले असते?

घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. निखिल माझ्याहून जास्त घाबरला.

"यार, तुझं व्हिसा रिन्यूअल चालू आहे. कोणीतरी चेक करेलच ना."

"चेक करणारी मीच आहे, निखिल."

उद्या सकाळी तिकडे आराखड्यावर सह्या होणार होत्या. डोळ्यांसमोरून शाळा हलेना. शेवटी मॅनेजरला न विचारताच तिकडच्या प्लॅनर बाईंना फोन लावला. तिकडे उशीर झाला होता, तरी त्यांनी उचलला. सगळं ऐकून म्हणाल्या, "सह्या मी थांबवते. पण चूक कोणाची, ते लिहावं लागेल."

"माझं नाव लिहा," मी म्हणाले. कुठून आलं हे धैर्य? आता तर पार गळालंय.

आत्ताच मॅनेजरचा मेसेज आला. उद्या नऊला भेट, एचआरही असेल. निखिल न सांगता भांडी घासतोय. त्याला मेसेज अजून दाखवलेला नाही.