रिमांवरचं तेल

आप्पा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहायला बसलोय, उशिराबद्दल रागावू नका. दरवर्षी श्राद्ध करतो, पण दोन ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. मराठी अक्षरं तेवढी तुम्ही दुकानात गिऱ्हाईक नसताना पाटीवर गिरवून घेतलीत, तीच आता काढतोय. या तमिळ मुलखात आपल्या घरात ही भाषा बोलणारे मी आणि लेक दोघंच उरलो आहोत, आणि जे सांगायचंय ते तिलाच सांगता येत नाही.

तुमचं भाड्याच्या सायकलींचं दुकान माझ्याच्यानं चाललं नाही, बंद करून बारा वर्षं झाली. आता माझ्या हाती एकच सायकल, लेकीची. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते आणि शेजारच्या साक्कोट्टै गावात एका दवाखान्यात आयाचं काम करते. ती संध्याकाळी आली की मी चिंधी घेऊन बसतो. पेडल उलटं फिरवत चेन पुसतो, कडीकडीवर एकेक थेंब सोडतो आणि वरचं जास्तीचं तेल पुन्हा पुसून काढतो, नाहीतर धूळ धरते. ब्रेकची रबरं झिजली का बघतो. मग मूठ आवळून सायकल पुढं ढकलतो, चाक जागचं हललं की ब्रेक पुन्हा आवळतो. लेक हसते. "बाबा, ही सायकल आहे, बाळंतीण नाही. किती चोळाल?" एवढ्यावर माझं भागत नाही. ती उंबऱ्याबाहेर पडली की मी मागून हाक मारतो, ब्रेक बघितलास का, पुलावर हळू जा, बसच्या मागं लागू नकोस. एक दिवस ती सायकल टेकवून परत आत आली. म्हणाली, "निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये हे तुम्हीच शिकवलंत ना? दिवसभर मनात धाकधूक राहते. आणखी एकदा हाक मारलीत तर मी बसनं जाईन." तेव्हापासून मी दारात तोंड मिटून उभा राहतो.

या वर्षीच्या आयुध पूजेला तुमच्या रीतीनंच सगळं केलं. आदल्या दिवशी सायकल धुतली, नट आवळायचे पाने आणि पक्कड पाटावर मांडली, हँडलला गंध-कुंकू आणि झेंडूची माळ. दोन्ही रिमांना खोबरेल चोळलं. आठवतं ना, आपल्या दुकानात ओळीनं उभ्या केलेल्या सायकलींच्या रिमा पूजेला कशा चांदीसारख्या चमकायच्या. आणि तुमचा नियमही मला पाठ होता, तेल फक्त पूजेपुरतं. पूजेत मांडलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत साबणाच्या पाण्यानं रिमा पुसायच्या आणि मगच पहिली सायकल भाड्यानं द्यायची. रिमेला तेल असलं तर ब्रेक कशाला धरणार?

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी बादलीत साबण कालवला होता, आप्पा. मला वाटलं होतं ती सातला निघेल. दुसऱ्या बाईच्या रजेमुळं तिला लवकर बोलावलेलं, ते मला माहीत नव्हतं. मी नळापाशी दात घासत होतो, तेवढ्यात तिनं दृष्ट लागू नये म्हणून चाकाखाली लिंबू ठेवून चिरडलं आणि सायकल दाराबाहेर काढली. चाक फिरलं तशी रिम चमकली. मी बघितली. हाक अगदी दाताशी आली होती. पण ती निघाली होती, सणाची सकाळ होती, आणि मला वाटलं ही पुन्हा माघारी येईल, माझ्याकडे तसंच बघेल. मी चूळ भरली.

पुलाच्या उतारावर पुढची बस थांबली. तिनं दोन्ही मुठी आवळल्या, सायकल तशीच घसरत गेली. बसवर आदळू नये म्हणून तिनं हँडल वळवलं आणि उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. कोणीतरी सांगत आलं, मी धावत गेलो तर मला म्हणते कशी, "तुम्ही घाबरू नका बाबा, माझ्याच हातात जोर राहिला नाही." सहा आठवडे प्लास्टर होतं, आणि सहा आठवडे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होती. मी शेजारी बसून तिला भात कालवून देत होतो.

या दिवसांत तुमचा एक विजयादशमीचा दिवस सारखा डोळ्यांपुढं येतो. मी सोळा वर्षांचा, मी न पुसता एक सायकल भाड्यानं दिली. तुम्ही हातातला कॉफीचा टंबलर ठेवलात, नेसलेली वेष्टी वर खोचलीत आणि ओलं फडकं घेऊन अनवाणी गिऱ्हाइकामागं धावलात. "निल्लुंगो! निल्लुंगो! थांबा हो!" करत तुम्ही धावताय, देवळाच्या रथवीथीतली माणसं हसतायत, आणि मी लाजेनं दुकानात लपलोय. धापा टाकत परत आलात तेव्हा मी म्हणालो, सगळे हसत होते. "हसू देत रे," तुम्ही म्हणालात. "तो माणूस धड बसून घरी गेला ना? उद्या तू ओरडायला लाजलास, तर पाना हातात धरू नकोस."

प्लास्टर निघालं तरी ती सायकलला हात लावेना. रोज साक्कोट्टैपर्यंत चालत जायची, पाय सुजवून यायची. म्हणून गेल्या रविवारी मी तिला अंगणात बसवलं आणि म्हटलं, आता तूच शीक. चेन कशी पुसायची दाखवलं, थेंब कुठं सोडायचा दाखवलं. रबरं पॉलिश पेपरनं घासून घेतली. मग तोंडातून निघून गेलं, "रिमेला मात्र तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये." तिचा हात थांबला. "मग पूजेच्या दिवशी लावलं होतं ते?"

मी म्हणालो, "पुसायचं राहिलं गं. तू निघालीस तेव्हा मला दिसलं नाही. नजर अधू झालीय."

मला वाटलं ओरडेल. तिनं माझ्या हातातली चिंधी काढून घेतली. "एवढं दिसत नव्हतं तर आधी सांगायचं ना, बाबा? आणि मी तुम्हाला चिडवत होते." आता घरी कोणी आलं की ती सांगते, बाबांची नजर गेलीय, बिचारे अंदाजानं चेन पुसत होते. दवाखान्यातून रजा काढून सोमवारी ती मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

आप्पा, माझी नजर चांगली आहे. समोरच्या छपराचे पत्रे इथून मोजून दाखवीन. डॉक्टर अक्षरं वाचायला सांगेल तेव्हा ती शेजारीच उभी असेल. खोटं वाचू की खरं, मला कळत नाही. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही हे कळण्याइतका मी शहाणा आहे, तरी काय करू ते कळवा, आणि लवकर कळवा, आज शनिवार आहे.