भिंतीवरचे डास

१२ सप्टेंबर

आत्यांचा दहावा झाला. पाहुणे गेले. घर रिकामं झालं आणि डासांची गुणगुण ऐकू यायला लागली — इतके दिवस माणसांच्या आवाजात दबली होती.

हिवताप! माझी सासू, रोज मेंढरांमागं फिरणारी बाई, तापानं अशी जाते? डॉक्टर म्हणाले, मेंदूत गेला, उशिरा आणलं.

१४ सप्टेंबर

गावची आशाताई योगिता आली. रांजणात अळ्या वळवळत होत्या. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, साठवावं लागतंच. रांजण ओतून घासला, हौदात गप्पी मासे सोडले.

भिंतीवर एक डास शेपूट वर करून बसला होता. म्हणाली, "हिवतापाचा असाच बसतो बघ. मादीच चावती, अंड्यांसाठी रगत लागतं तिला. तापकऱ्याचं रगत पिली की मग ताप दुसऱ्याला देती."

मी मारायला हात उचलला. मामा बाजेवरून ओरडले, "मारू नको!"

सासरे आजवर माझ्यावर कधी ओरडले नव्हते.

१५ सप्टेंबर

दिवेलागणीला मामा ओसरीवर उघड्या अंगानं बसतात. मच्छरदाणी बांधली तर सोडून टाकली. पाठभर डास — तरी मामा हलत नाहीत. का म्हणून विचारलं, तर हळूच म्हणाले, "तिला चावलेत हे. तिचं रगत हाय यांच्यात. आता दुसरीकडं कुठं राह्यलीय ती?"

 

१८ सप्टेंबर

फवारणीवाले आले होते. मामा दारात आडवे झाले. हे म्हणाले, "आबा, याड लागलं का तुमाला?"

"माज्या घरात औषध मारायचं न्हाई!"

गेले बिचारे परत.

संध्याकाळी भाकरी थापताना दंडावर चापट मारली. लाल ठिपका — आणि माझ्या तोंडून "आत्या!" निघालं. साबणानं हात घासला. तरी वास येतोय असं वाटतं. कसला, ते कळत नाही.

१९ सप्टेंबर

आज एकही डास मारला नाही मी.

२४ सप्टेंबर

थंडी. गोधडीवर गोधडी. दात वाजतायत. लिहवत नाही.

२५ सप्टेंबर

योगितानं सगळ्यांच्या बोटातून रक्त घेतलं. मामांनी बोट सगळ्यांच्या आधी पुढं केलं.

त्यांच्या रक्तात काही नाही. ह्यांच्याही नाही. हिवताप निघाला तो माझ्या रक्तात!

योगितानं समोर बसून गोळ्या गिळायला लावल्या. ह्यांनी फवारणीवाल्यांना फोन केला. मामा नुसते माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत राग नव्हता — हेवा होता.

"मी एवढा बसलो... माज्याकडं का आली न्हाई ती?"

२६ सप्टेंबर

आजची गोळी घेववेना. आत्यांना आपल्या हातानं मारतोय असं वाटत होतं. कुणाला सांगणार!

मामा तांब्या घेऊन आले. गोळी माझ्या हातावर ठेवली.

"घे, पोरी. जाऊ दे तिला आता."